घरातला अलार्म: पहिल्या दिवसापासून कसा हाताळायचा

तंत्रज्ञ अलार्म बसवतो, जाताजाता कीपॅडवरची चार बटणं दाबून दाखवतो, आणि त्याच्या मागे दार बंद होईपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला झालेलं असतं. नव्या घरात जुनी यंत्रणा आयती मिळाली असेल तर तेवढं दाखवणारंही कोणी नसतं. मग दोन-तीनदा भलत्याच वेळी सायरन वाजतो, शेजारी धावत येतात, घरातलं लहान मूल घाबरून रडायला लागतं, आणि महिनाभरात अलार्म लावणंच सुटतं. या यंत्रणा बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम. बिघडलेल्या यंत्रणांपेक्षा लावायच्या सोडून दिलेल्या यंत्रणाच मला जास्त दिसतात, आणि दर वेळी वाईट वाटतं. बहुतेक ठिकाणी दोष एखाद्या सेन्सरच्या जागेत किंवा सेटिंगमध्ये असतो, तासाभरात निघण्यासारखा.

म्हणून पहिले दोन आठवडे या यंत्रणेला द्या. काय करायचं ते क्रमाने सांगतो.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. अलार्म चोराला अडवत नाही. अडवायचं काम दाराचं, कडीचं आणि कुलपाचं. अलार्म ओरडून सांगतो, आणि त्या ओरडण्यामुळे आत शिरलेल्याच्या हातात वेळ कमी उरतो. कडी खिळखिळी असेल तर आधी ती बदला, मग अलार्मकडे वळा.

घरभर फिरा, यादी करा

कागद-पेन घ्या आणि काय कुठे बसवलंय ते पाहत फिरा. दाराजवळचा कीपॅड पटकन सापडेल. पण कीपॅड म्हणजे यंत्रणेचे हात. तिचा मेंदू पॅनेलमध्ये असतो, आणि पॅनेलची पेटी बहुधा कपाटात, माळ्याजवळ किंवा जिन्याखाली असते. त्या पेटीत मुख्य सर्किट, विजेचा पुरवठा आणि एक जड बॅटरी असते. काही बिनतारी यंत्रणांत पॅनेल, कीपॅड आणि सायरन एकाच डब्यात असतात. तसा डबा दाराशेजारीच टांगलेला असेल तर तो आतल्या खोलीत हलवता येतो का ते विचारा, कारण आत शिरणारा माणूस पहिला घाव त्याच्यावरच घालेल.

मग सेन्सर. प्रत्येक सेन्सरला पॅनेलमध्ये एक क्रमांक असतो, त्याला झोन म्हणतात. कुठला झोन कुठल्या खिडकीचा हे ठाऊक नसेल तर अलार्म न लावता एकेक दार, एकेक खिडकी उघडून कीपॅडवर किंवा ॲपवर कुठला क्रमांक दिसतो ते पाहा. ‘झोन 3, मागचं दार’, ‘झोन 5, बैठकीची खोली’ अशी यादी लिहून काढा. तिची एक प्रत कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, दुसरी फोनमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता सायरन वाजला आणि कीपॅडवर नुसता ‘5’ दिसला, तर त्या क्षणी आठवत बसायची वेळ येता कामा नये.

सेन्सर नेमकं काय पाहतात

दारा-खिडकीवरचा सेन्सर सगळ्यात साधा आणि सगळ्यात भरवशाचा. दोन तुकडे: एक चौकटीवर, एक सरकत्या किंवा उघडत्या भागावर. चौकटीवरच्या तुकड्याच्या पोटात काचेची बारीक नळी असते आणि तिच्यात लोखंडी पत्र्याच्या दोन नाजूक पट्ट्या. दुसऱ्या तुकड्यात नुसतं चुंबक. चुंबक जवळ आलं की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दूर गेलं की सुटतात. शांत खोलीत कान जवळ नेऊन दार हळूहळू उघडा, अगदी बारीक ‘टिक’ ऐकू येईल. तीच ‘टिक’ पॅनेलला कळते. या काचेच्या नळीला रीड स्विच म्हणतात. तो 1936 साली बेल लॅब या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत तयार झाला आणि आजही जवळजवळ तसाच वापरात आहे.

दोन तुकड्यांमधलं अंतर हा इथला कळीचा मुद्दा. घरगुती सेन्सरांमध्ये ते साधारण एक-दोन सेंटिमीटरच्या आत लागतं. लाकडी दार दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, बिजागरी सैल झाली की खाली झुकतं. चुंबक अगदी काठावर बसवलेलं असेल तर वाऱ्याने दार थरथरलं तरी सायरन वाजतो. बंद दाराला आतून हाताने दाबून आणि ओढून पाहा. तेवढ्याने कीपॅडवर तो झोन उघडा दिसला, तर चुंबकाचा तुकडा जवळ सरकवून घ्यायला हवा.

या कल्पनेचं मूळ बरंच जुनं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप यांनी 1853 मध्ये विजेवर चालणाऱ्या घरफोडी-घंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची, आणि दार पुन्हा लावलं तरी ती थांबत नसे. तुमच्या यंत्रणेतही तसंच आहे. दार लोटून सायरन बंद होत नाही, कोडच द्यावा लागतो. घाबरलेली माणसं दार दहा वेळा उघडझाप करत राहतात, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता मोशन सेन्सर. सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल असतात. कोपऱ्यात वर बसवलेला तो पांढरा, दुधी पडद्याचा डबा म्हणजे कॅमेरा नव्हे. त्याला चेहरा दिसत नाही, उजेड लागत नाही. तो उष्णता पाहतो. आपल्या शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. दुधी पडद्यावरच्या बारीक भिंगांमुळे खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पडतात, आणि आतल्या डोळ्याचे दोन भाग असतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की उष्णता आधी एका भागावर पडते, मग दुसऱ्यावर. हा फरक म्हणजेच हालचाल. खोली सावकाश तापली तर दोन्ही भाग सारखेच तापतात, म्हणून तेवढ्याने तो ओरडत नाही.

एवढं समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. माणूस समोरून आडवा गेला तर सेन्सर लगेच ओळखतो, सरळ त्याच्या दिशेने चालत आला तर उशिरा. म्हणून तो अशा कोपऱ्यात हवा, की आत शिरणाऱ्याला त्याच्यासमोरून आडवं जावंच लागेल. उंची जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास. उष्णतेचे हे किरण काचेतून पार होत नाहीत, म्हणून खिडकीबाहेरचा माणूस त्याला दिसत नाही. आणि खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोचलं की माणूस आणि भिंत यांतला फरक पुसट होतो, सेन्सर मंदावतो. कडक उन्हाळ्यात बंद घराचा पहारा नुसत्या मोशन सेन्सरवर सोडू नये, दारा-खिडक्यांवरही सेन्सर हवेतच, हे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

एका घरी दुपारच्या वेळी अधूनमधून अलार्म वाजायचा. मी दोनदा सेन्सर बदलला, वायर तपासली, काहीच सापडेना. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काम न करता खोलीत खुर्ची टाकून बसलो. चारच्या सुमारास खिडकीतून ऊन आत आलं आणि जाड पडद्यावर पडलं. पडदा चांगलाच तापला. मग वाऱ्याची झुळूक आली, आणि तो तापलेला पडदा सेन्सरसमोर आडवा हलला. सेन्सरने त्याचं काम चोख केलं होतं, उष्ण वस्तू हलताना त्याला दिसली होती. तो उचलून खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीकडे पाठ करून बसवला आणि तक्रार संपली. तुमच्याकडे सेन्सरच्या नजरेत पडदा, हीटर, एसीचा झोत किंवा उन्हाचा पट्टा येतो का, ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उभं राहून पाहा. डब्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलंय का, तेही बघा. भिंगाला चिकटून चालणारा छोटा कोळीही त्याला मोठ्या माणसाएवढा वाटू शकतो.

कुत्रा-मांजर असेल तर त्यांना सोडून देणारे सेन्सर मिळतात, पण ती सवलत प्राणी जमिनीवर असेपर्यंतच. मांजर कपाटावर चढलं की ते थेट पट्ट्यांच्या मधोमध.

काच फुटण्याच्या आवाजावर चालणारे सेन्सर मोठ्या काचांच्या खोलीत उपयोगी पडतात. धुराचा सेन्सर जोडलेला असेल तर तो अलार्म लावलेला असो वा नसो, चोवीस तास जागा असतो. त्याला कधीही बायपास करू नका, म्हणजे पहाऱ्यातून वगळू नका.

कोड: आधी बदला, मग बाकीचं

जुन्या घरात आयती यंत्रणा मिळाली असेल तर पहिल्याच दिवशी सगळे कोड पुसून नवे करा. आधीच्या मालकाकडे, त्यांच्या नातेवाइकांकडे, कोणाकोणाकडे कोड असेल ते सांगता येत नाही. नवी यंत्रणा असेल तर 1234 किंवा 0000 असा कारखान्यातून आलेला कोड तसाच ठेवू नका. मास्टर कोड, म्हणजे बाकीचे कोड बदलता येणारा मुख्य कोड, एकाच-दोघांकडे, घरातल्या बाकीच्यांना ज्याचा त्याचा वेगळा कोड. कोण कधी आलं ते नोंदीत कळतं, आणि एखाद्याचा कोड काढायचा झाला तर सगळ्यांना नवा पाठ करावा लागत नाही. बसवणाऱ्या तंत्रज्ञाचा वेगळा इन्स्टॉलर कोड असतो. तोही मूळचाच राहिलेला नाही ना, ते त्याला स्पष्ट विचारा.

कीपॅड तिरक्या उजेडात पाहा. चार बटणं जास्त चमकतात का? चार आकडी कोडच्या एकूण शक्यता 10,000. पण कुठले चार वेगवेगळे आकडे आहेत हे बोटांच्या डागांवरून कळलं, तर उरतात फक्त 24. म्हणून कीपॅड पुसत राहा आणि दर काही महिन्यांनी वेगळ्या बटणांचा कोड घ्या.

काही पॅनेलमध्ये ड्युरेस कोड असतो. कोणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला, तर तो द्यायचा. वरवर अलार्म बंद होतो, पण मदतीचा निरोप गुपचूप जातो. तो नेहमीच्या कोडपेक्षा अगदी वेगळा ठेवा. काही यंत्रणांत तो शेवटचा आकडा एकने वाढवून होतो, आणि घाईत बोट घसरलं तरी निरोप जातो.

लावायचा कसा, काढायचा कसा

दोन प्रकार नीट कळले की रोजचं काम झालं. ‘अवे’ म्हणजे घरात कोणी नाही, सगळे सेन्सर जागे. ‘स्टे’ किंवा ‘होम’ म्हणजे आपण आत आहोत, दारा-खिडक्या जाग्या, आतले मोशन सेन्सर झोपलेले. रात्री झोपताना ‘स्टे’. रात्री ‘अवे’ लावून पाणी प्यायला उठणं हे सायरन वाजण्याचं फार मोठं कारण आहे.

लावण्याआधी कीपॅडवर ‘रेडी’ दिसायला हवं. दिसत नसेल तर काहीतरी उघडं आहे. तिथे बरेच जण वैतागून बायपासचं बटण दाबतात. बायपास म्हणजे त्या खिडकीचा पहारा त्या वेळेपुरता काढून घेणं. आधी जाऊन खिडकी पाहा. खरंच सेन्सर बिघडला असेल तरच बायपास करा, आणि त्याच आठवड्यात तो दुरुस्त करून घ्या.

बाहेर पडायला आणि आत आल्यावर कोड द्यायला ठरावीक सेकंद मिळतात. बाहेर पडायला पाऊण ते एक मिनिट, आत आल्यावर अर्धा-पाऊण मिनिट अशी सेटिंग पुष्कळ ठिकाणी असते. ही सवलत फक्त मुख्य दाराला असते. मुख्य दारातून आलात तर कीपॅडपर्यंतच्या वाटेवरचा मोशन सेन्सरही थांबून राहतो. पण त्याच सेन्सरसमोर तुम्ही खिडकीतून किंवा मागच्या दाराने आलात, तर तो एक सेकंदही थांबत नाही. ‘मी तर लगेच कोड दिला, तरी वाजला’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या दाराने आलात?

आता तालीम. सगळ्यांना घरात बोलवा आणि एकेकाला खरोखर बाहेर पाठवून आत यायला लावा. दोन्ही हातांत पिशव्या देऊन. आजी-आजोबा असतील तर त्यांच्या चालीने. बीप बीप सुरू झालं की हात थरथरतात, चष्मा सापडत नाही, कोड आठवत नाही. एका घरी आजींना जिना चढून कीपॅडपर्यंत पोचायलाच चाळीस सेकंद लागत होते आणि सेटिंग होतं तीस सेकंदांचं. त्या एकट्या घरी यायलाच घाबरायच्या. वेळ साठ सेकंद केला, हातात धरायचा छोटा रिमोट दिला, आणि त्या पुढच्याच दिवशी एकट्या देवळात जाऊन आल्या. वेळ घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला पुरेल एवढा ठेवा, पण त्याहून फार जास्त नको, कारण तेवढाच वेळ चोरालाही मिळतो.

वीज आणि निरोप

पॅनेलमधली बॅटरी बहुधा 12 व्होल्टची, 7 ॲम्पिअर-तासांची असते. पॅनेल आणि सेन्सर मिळून पाव ॲम्पिअर वीज घेत असतील तर कागदावर ती 28 तास चालेल. जुनी झाली की तासाभरातही मान टाकते. आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. बदलली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा. पाहायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी पॅनेलचा वीजपुरवठा काही तास बंद ठेवा आणि यंत्रणा जिवंत राहते का ते बघा. पेटीच्या आत घरची वीज आलेली असते, तिथे स्वतः हात घालू नका. जुनी बॅटरी शिशाची असते, ती कचऱ्यात न टाकता बॅटरी परत घेणाऱ्याकडे द्या.

बिनतारी सेन्सरांत छोटे सेल असतात. सेल संपत आला की कीपॅड किंवा सेन्सर थोड्या थोड्या वेळाने एकदाच ‘चिक’ करतो. त्याकडे दुर्लक्ष करू नका. एका सेन्सरचा सेल संपला की त्याच वेळी बसवलेल्या बाकीच्यांचेही संपत आलेले असतात, सगळे एकदम बदला.

वायरच्या यंत्रणेत दर झोनच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग, असतो, पॅनेल त्याच्यावरून वायर धड आहे की नाही ते ओळखतं. तो सेन्सरच्या पोटात हवा. घाईने काम करणारे तो पॅनेलच्या पेटीतच लावून मोकळे होतात, मग मधेच कोणी वायरीची दोन टोकं जोडली तरी पॅनेलला काही कळत नाही. बसवणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारा. काम कसं झालंय ते त्याच्या उत्तरावरून समजतं.

सायरन वाजला हे तुम्हाला किंवा देखरेख केंद्राला (अलार्मचे निरोप दुरून पाहणारी कंपनी, घेतली असेल तर) कळणार कसं? वाय-फायवरून निरोप जात असेल तर वीज गेली की राउटरही बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस लावा. सिम कार्डावरून जात असेल तर त्याची मुदत आणि शिल्लक पाहत राहा. जुन्या पॅनेलमधलं मॉडेम टूजीवरचं असेल तर आताच बदलायचा विचार करा, अनेक देशांत टूजी आणि थ्रीजी बंद झालंय. वाय-फाय आणि सिम दोन्ही असलेली यंत्रणा मिळत असेल तर मी तीच घ्यायला सांगतो.

महिन्यातून एकदा तपासणी

देखरेख केंद्र असेल तर आधी त्यांना फोन करून चाचणी घेतोय असं सांगा. मग पॅनेल टेस्टवर टाका आणि प्रत्येक दार, खिडकी उघडा, प्रत्येक मोशन सेन्सरसमोरून आडवे चाला. टेस्टवर टाकणं गरजेचं आहे, कारण बरेच बिनतारी मोशन सेन्सर एकदा हालचाल दिसली की सेल वाचवायला दोन-तीन मिनिटं झोपतात. टेस्टशिवाय चालून पाहिलंत तर चांगला सेन्सरही मेलेला वाटेल. शेवटी सायरन काही सेकंद वाजवा आणि फोनवर निरोप आला का ते बघा. केंद्राला चाचणी संपल्याचं कळवायला विसरू नका.

खरोखर वाजला तर

घरी परत आलात आणि सायरन वाजतोय, किंवा दार अर्धवट उघडं दिसतंय, तर आत जाऊ नका. किती चोरीला गेलं ते नंतर बघता येतं. लांब जाऊन पोलिसांना फोन करा. रात्री झोपेत असताना वाजला तर खोलीचं दार आतून लावा, फोनवर झोन पाहा, फोन करा, मग हालचाल. खाली जाऊन स्वतः शोधायची हौस करू नका.

आगीचा आवाज वेगळा ओळखता आला पाहिजे. अनेक यंत्रणांत घरफोडीचा सायरन सलग वाजतो, तर धुराचा तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन ठोके असा. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर असेल तर चार ठोके. तुमच्या यंत्रणेत कसा वाजतो ते टेस्ट बटण दाबून मुलांना ऐकवा. तीन किंवा चार ठोके आले तर कोड, कीपॅड, वस्तू काही न बघता सगळ्यांनी बाहेर पडायचं.

उगाच वाजला असेल तर कोड देऊन बंद करा, पण लगेच पुन्हा लावू नका. आधी अलार्म मेमरी उघडा. सगळ्यात आधी कुठला झोन वाजला ते तिथे असतं. तारीख, वेळ आणि झोन वहीत लिहा. एकच झोन त्याच सुमारास तीनदा आला तर कारण तिथेच सापडणार.

लांबच्या प्रवासाला जाताना झाडांना पाणी घालायला कोणी येणार असेल तर त्यांना तात्पुरता कोड द्या, तुमचा स्वतःचा कधीच नको. निघण्याआधी त्यांच्याकडून एकदा लावून आणि काढून घ्या, कुठल्या दाराने यायचं ते दाखवा. परत आल्यावर पहिल्याच दिवशी तो कोड पुसा, आणि मधल्या दिवसांत कोण कधी आलं, काय वाजलं, त्या नोंदी सावकाश वाचून काढा.